केळ्यांच्या गाडीतलं रगत

केळ्याला साडेतेरा अंश लागतात. वर गेलं की ते वाटेतच पिकायला लागतं, खाली गेलं की त्याला थंडी बाधते. चोपड्याच्या रस्त्यावर दीपचंद शेठचं पॅकहाऊस आहे. तिथं तोताराम पाटलाची उमर या अर्ध्या अंशाच्या फटीत गेली. आखातात जाणाऱ्या कंटेनरमध्ये पेट्या भरून घ्यायच्या, आकडा साडेतेरावर लावायचा, दाराला सील ठोकायचं आणि गाडी मुंबईच्या बंदराकडे रवाना करायची, एवढं त्याचं काम. बाहेर वैशाखात डांबर चपलेला चिकटून यायचं, पण आत केळी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी निवांत पडलेली असायची.

तोतारामच्या बायकोची, बेबाबाईची, अशी काही व्यवस्था नव्हती.

तिला कावीळ होती. साधी नव्हे, सी नावाची. नीलेशच्या बाळंतपणात तिला रक्त चढवलं होतं, त्यातून आली असावी असं डॉक्टर म्हणाले. नीलेश आता सुरतेला साड्यांच्या दुकानात आहे आणि त्याच्या टाळूवरचे केस विरळ झालेत. म्हणजे कावीळ घरात मुलाएवढीच जुनी होती. इतकी वर्षं ती कुणाशी काही बोलली नव्हती. बोलली ती एकदम, बेबाबाईचे पाय सुजले तेव्हा.

जळगावच्या सरकारी उपचार केंद्रातले डॉक्टर तरुण होते. बातमी वाईट सांगायची असली की आधी देशाचा अभिमान सांगायचा, अशी त्यांची पद्धत होती.

"ही गोळी निघाली तेव्हा अमेरिकेत एकेका गोळीला हजार डॉलर पडायचे," ते म्हणाले. "लोकांनी घरं विकली. आपल्याकडे तीच गोळी बनते आणि सरकार फुकट देतं. तीन महिने घ्यायची, रोग गेला."

बेबाबाईने हजार डॉलर म्हणजे किती ते विचारलं नाही. फुकट म्हणजे किती, हे तिला विचारायचं होतं, कारण फुकटाचा अनुभव तिच्यापाशी बराच होता.

"आता वाईट बातमी," डॉक्टर म्हणाले. "यकृत कडक व्हायला लागलंय. उशीर करू नका. आज गोळ्यांनी भागेल, पोटात पाणी झालं तर भागेलच असं नाही."

उशीर करायचा नाही, हे तोतारामने गाठीशी बांधलं. गोळ्या समोरच होत्या. औषधखिडकीच्या मागे काचेचं कपाट होतं आणि त्यात खोक्यांची रांग लावलेली होती. कपाटावर पितळी पाटी होती: 'कै. गुलाबबाई यांच्या स्मरणार्थ, श्री. दीपचंद शेठ यांजकडून सप्रेम'. गुलाबबाई म्हणजे शेठच्या आई. आपल्या शेठचं कपाट पाहून तोतारामला उगाच घरच्यासारखं वाटलं.

"गोळ्या अशा नाही देता येत, भाऊ," खिडकीतली मोनाली म्हणाली. ती तिथली टेक्निशियन. रक्त काढणं, नावं लिहिणं, पंखा दुरुस्त करायला माणूस बोलावणं, सगळं तिच्याकडेच होतं. "आधी अंगात विषाणू किती आहे त्याचा रिपोर्ट लागतो. ती तपासणी धुळ्याला होते. रक्त इथं घेऊ, तिथं पाठवू."

रक्त घेतलं. पाठवलं. पंधरा दिवसांनी धुळ्याच्या प्रयोगशाळेचा शेरा आला: 'नमुना योग्य तापमानात प्राप्त न झाल्याने अस्वीकृत.' रक्त नेणारी गाडी वाटेत एरंडोलला कुठल्यातरी बैठकीसाठी थांबली होती. बैठक लांबली आणि बर्फाने वाट पाहिली नाही.

पुन्हा रक्त घेतलं. या वेळी गाडी कुठंही थांबली नाही, कारण ती निघालीच नाही. डिझेलचं बिल मंजूर व्हायचं होतं. नळी केंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवली असती तर टिकली असती. पण फ्रिज बंद होता. शेठनी कपाट दिलं तेव्हा फ्रिज द्या म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय फ्रिजवर पाटी नीट बसत नाही.

मधल्या काळात तोतारामने एका महिन्याचा पगार टाकून खाजगी प्रयोगशाळेतून तपासणी करून आणली. मोनालीने कागद वाचला आणि जपून परत दिला.

"हा चालत नाही, भाऊ. आमच्याच प्रयोगशाळेचा लागतो."

"आकडा तोच असेल ना?"

"आकडा तोच असेल."

तिसऱ्यांदा सुई टोचताना बेबाबाई म्हणाली, "नीलेशना बाप, आखो कितला येळे लेतीन मनं रगत? त्या रगतसंगे रोगबी निंघी गया व्हई आते."

ती नळी तोताराम स्वतः घेऊन निघाला. मोनालीने वहीत 'नातेवाईकामार्फत' असं लिहिलं. थंड पेटी मात्र देता आली नाही. पेट्या लसीच्या कार्यक्रमाच्या होत्या आणि लसीच्या पेटीत रक्त ठेवलेलं साहेबांना चालत नसे. मग तोताराम रुपचंद कुल्फीवाल्याकडे गेला. रुपचंदने मैत्रीखातर आपला पत्र्याचा डबा दिला, बर्फ दिला, त्यावर खडेमीठही टाकलं, आणि या डब्यातला बर्फ मुंबईपर्यंत वितळणार नाही, अशी हमी दिली. हमी खरी ठरली. धुळ्याच्या खिडकीतल्या माणसाने नळी बाहेर काढली तेव्हा ती आवाज करत होती.

"रक्त गोठवलंत तुम्ही," तो म्हणाला. "ही कुल्फी झाली."

डबा कुणाचा, हे तोतारामने सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून होता. पारोळ्याजवळ शेजारून एक पांढरा कंटेनर धुळ्याकडे गेला. आपलाच होता. पाठीवर निळ्या अक्षरांत शेठचं नाव आणि आत साडेतेरा अंशांत झोपलेली केळी. कुठं बैठक नाही, डिझेलचं अडत नाही, बर्फ नाही, मीठ नाही. केळ्यांनी मुंबई काय, समुद्र ओलांडला तरी त्यांना कुणी अस्वीकृत करत नव्हतं. आणि तो कंटेनर रोज त्या प्रयोगशाळेच्या फाटकावरून जात होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मोनालीला फोन लावला. "ताई, रक्ताला नेमकं किती लागतं?"

"दोन ते आठ. पाच धरा."

"साडेतेरा नाही चालणार?"

"भाऊ, ते रक्त आहे."

तोतारामने फोन ठेवला. रक्ताला पाच, केळ्याला साडेतेरा. दोघांना एका गाडीत बसवायचं तर एकाने सोसायला हवं होतं. बेबाबाई बरीच वर्षं सोसत आली होती. तीन तासांत केळ्यांना असं काय होणार आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. वाटेत पाच, धुळं आलं की परत साडेतेरा. केळ्यांना कळणारही नाही.

ठरलेल्या सकाळी पेट्या भरून झाल्यावर त्याने कंट्रोलरवर पाच लावलं, सील खिशात टाकलं आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. ड्रायव्हर पुना. सातपुड्याच्या पायथ्याचा पोरगा, बडबड्या, पण गाडी गुळगुळीत चालवायचा.

"आबा, सील नही लावं का?"

"धुळाले लावसू."

"काबर?"

"तू गाडी चलाव."

जळगावला केंद्राबाहेर बेबाबाई झाडाखाली बसून होती, दंडावर कापूस दाबून. मोनालीने नळी आणून दिली. तोतारामने कंटेनरचं दार हातभर उघडलं, नळीचा स्टीलचा डबा पहिल्या पेटीवर ठेवला आणि दार लावलं. पुनाने सगळं पाहिलं.

"आबा, काकू बी जाई राह्यनी का दुबईले?" त्याने विचारलं.

"धुळालोंग," तोताराम म्हणाला.

प्रयोगशाळेच्या फाटकाशी गाडी थांबली. डबा हातात घेतल्यावर बोटांना गार लागला. गोठलेला नव्हे, गार. विहिरीच्या पाण्यासारखा. तोतारामने दाराला सील ठोकलं, पुनाला हाताने 'जा' अशी खूण केली आणि खिडकीकडे जवळजवळ धावला. खिडकीतल्या माणसाने नळी उजेडात धरली, थर्मामीटर लावला आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

"कशात आणलं?"

"गाडीत."

"असं पाहिजे," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

त्या शिक्क्याचा आवाज तोतारामच्या कानात होता. त्याच आवाजात तो एसटीत चढला, तिकीट काढलं, पारोळ्याला उतरून चहा प्यायला. चहा पोळला तेव्हा त्याला आठवलं. गाडी अजून पाचावर होती.

पुनाचा फोन लागेना. लागला तेव्हा पुना नाशिकच्या पुढे ढाब्यावर जेवत होता. तोतारामने सांगितल्यावर त्याने आकडा परत साडेतेरावर फिरवला. म्हणाला, "आबा, केळं मस्त शेत, हिरवंगार. काय नही व्हयनं."

थंडी बाधलेलं केळं लगेच सांगत नाही. हे पुनाला माहीत नव्हतं. तोतारामला माहीत होतं.

रिपोर्ट आला. बेबाबाईच्या रक्तात विषाणूंची संख्या लाखांत होती. खाजगी कागदावरही जवळपास तेवढीच होती. मोनालीने गुलाबबाईंच्या स्मरणार्थ असलेलं कपाट उघडलं आणि पहिल्या महिन्याचं खोकं काढून दिलं. बेबाबाईने घरी येऊन पहिली गोळी जिभेवर ठेवली, गिळली आणि थोडा वेळ वाट पाहिली.

"कडू नही लागनी," ती म्हणाली. तिला तो औषधाचा कमीपणा वाटला.

त्याच महिन्यात आखातातून फोटो आले. पेट्या उघडल्या होत्या. केळी पिवळी व्हायच्या ऐवजी राखी पडली होती, चितेवरून काढल्यासारखी. व्यापाऱ्याने अख्खा कंटेनर नाकारला.

मग चौकशी कशी असते ते तोतारामने पाहिलं. बेबाबाईच्या दोन नळ्या उन्हात नासल्या तेव्हा कुणी कुणाला साधा फोन केला नव्हता. केळ्यांसाठी मुंबईहून विम्याचा माणूस आला. पेट्यांत ठेवलेलं तापमान टिपणारं यंत्र परत मागवलं गेलं. शेठचा मुलगा जिनेश पुण्यात एमबीए शिकून आलेला. त्याने तो आलेख भिंतीवर मोठा करून दाखवला. त्यात गाडी किती वाजता गार झाली, दार कुठं उघडलं, कुठं बंद झालं, सगळं होतं. एका केळ्याचा ताप मिनिटामिनिटाला कुणीतरी लिहून ठेवत होतं.

"जळगावला दार उघडलंय, तोतारामभाऊ," जिनेश म्हणाला. "सील असताना दार कसं उघडतं?"

"सील माझ्या खिशात होतं."

"आत काय ठेवलं?"

"बायकोचं रक्त."

जिनेशने आलेखाकडे पाहिलं. तिथं तशी नोंद नव्हती. विम्याच्या माणसाने पेन बंद केलं. त्याच्या अर्जात कारणांचा रकाना होता, पण हे कारण कशात बसवावं, ते त्याला सुचेना.

तोतारामने सगळं सांगितलं, कुल्फीच्या डब्यासकट. दीपचंद शेठ गादीवर बसून शांतपणे ऐकत होते. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांची पाणपोई वर्षभर चालते आणि गच्चीवर कबुतरांना ज्वारी पडते.

"तोताराम, मला आधी सांगायचं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर?"

शेठनी विचार केला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं.

"नाही म्हटलं असतं," ते म्हणाले. "कंटेनरमध्ये रक्त कसं चालेल? आमच्यात तर कांदासुद्धा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"गोळ्या सुरू झाल्या."

"चांगलं झालं. आमच्या कपाटातल्याच ना?"

"तुमच्याच कपाटातल्या."

शेठना समाधान वाटलं. नुकसान वसूल करू नका, असं त्यांनी जिनेशला बजावलं. जिनेशने वसूल केलं नाही, फक्त कामावरून काढलं. आता सील तो स्वतः लावतो आणि कंट्रोलरला कुलूप आहे.

दुसऱ्या महिन्याचं खोकं घ्यायला दोघं जळगावला गेले तेव्हा बेबाबाईच्या पायांची सूज उतरली होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि ते पुन्हा एकदा देशाविषयी चांगलं बोलले. मोनालीने खोकं दिलं, सही घेतली.

"गोळ्या संपल्या की तीन महिने थांबायचं, भाऊ, आणि मग पुन्हा तीच तपासणी. रोग गेला की नाही ते त्यातच कळतं. त्याशिवाय बरं झालं, असं लिहिता येत नाही."

"धुळ्यालाच?"

"धुळ्यालाच." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "तुमची नळी पाहून तिथले साहेब खूश होते. आमच्या केंद्राचं कौतुक केलं त्यांनी. वरती पाठवायच्या अहवालात नमुने थंड ठेवून पोचवायची साखळी सुरळीत असल्याचं लिहिलंय. त्यामुळे आम्ही पाठवलेली नव्या फ्रिजची मागणी 'गरज नाही' म्हणून परत आली."

तोतारामने खोकं पिशवीत ठेवलं. भिंतीशी बाकावर माणसं बसली होती, कुणी दंडावर कापूस धरून, कुणी शेरा मारलेला कागद धरून. मोनाली त्याच्याकडे बोट दाखवून त्यांच्यापैकी कुणाशी तरी आधी बोलली असावी, कारण तो वळला तेव्हा सगळे त्याच्याकडेच पाहत होते. एक म्हातारी उठून जवळ आली. पाचोऱ्याची धुरपदाबाई. तिच्या नवऱ्याचं रक्त दोनदा नासलं होतं. तिसरी नळी तिने ओल्या रुमालात गुंडाळून मुठीत धरली होती.

"भाऊ," तिने विचारलं, "ती केळानी गाडी कव्हय निंघस?"

बेबाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. रुमालातून पाणी ठिबकत होतं.

"रोज निघते," तोताराम म्हणाला. "पण आता ती फक्त केळी नेते."