हातात राहिलेली ओळ

या, असे जवळ सरकून बसा. बुवा अजून फेटा बांधतायत, तोवर वाळूजची एक गोष्ट सांगतो. ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता; सांगताना आजही येतो.

तिथल्या एका कारखान्यात रबरी नळ्या वाफेवर पक्क्या करायची खोलीएवढी टाकी आहे. तिच्यावर कामाला होते धोंडिबा, आपल्या भजनी मंडळाचे टाळकरी. त्यांची लेक तनुजा त्याच कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. लहानपणापासून तीही टाळ घेऊन बापाशेजारी उभी राहते.

त्या दिवशी सकाळचा फेर, म्हणजे नळ्यांची एक खेप, टाकीतून उतरवून धोंडिबा ऑफिसात आले. "तनू, टाकीचं दार शिट्टी घालतंय गं. मला लई भेव वाटतंय."

कारखान्याचे मॅनेजर बुद्धभूषण साहेब तिथंच होते. "मामा, कालच्या कीर्तनातली पेटी वाजत असेल तुमच्या कानात! तनुजा, रेकॉर्ड बघ. दाब वाढला असेल तर बंद करू. उगीच माल अडकवायचा नाही."

प्रत्येक फेराचे सगळे दाब यंत्र एका ओळीत लिहून ठेवी. वर्षाची फाइल अवाढव्य झालेली. तनुजानं ती वाचायला ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान बनवलं होतं, पण सगळी फाइल एकदम ओढली की पान गोठायचं. म्हणून तिनं नवी रीत बसवली. फाइल धारेसारखी थोडी थोडी घ्यायची, पुऱ्या झालेल्या ओळी तपासून सोडून द्यायच्या. तुकडा ओळीच्या मध्येच तुटला, तर ती अर्धी ओळ हातात धरायची आणि पुढच्या तुकड्याला जोडायची. आपण तेच करतो की! बुवा चरण अर्ध्यावर सोडतात, टाळकरी ते झेलून पुरं करतात.

पान सरसर चाललं. शेवटी हिरवी अक्षरं उमटली : दाब ठीक.

"झालं समाधान?" साहेब हसले.

"माउली," एवढंच म्हणून धोंडिबा पुढचा फेर लावायला गेले.

तनुजानं पडद्यावर पुन्हा नजर टाकली. आजची तारीखच नव्हती. सगळं कालच्या फेरावर थांबलं होतं.

यंत्र नवी ओळ सुरू करतं, तेव्हाच जुनी संपल्याची खूण टाकतं. सकाळच्या ओळीपुढं अजून काहीच नव्हतं. तिचं पान त्या ओळीला अर्धी समजून हातात धरून बसलं होतं, पुढचा तुकडा येईल म्हणून. फाइल तर संपली होती. बुवा थांबले आणि टाळकऱ्यानं चरण उचललंच नाही.

तिनं ती ओळ सोडवून पाहिली. दाब चढतच गेलेला. जादा वाफ सोडणारी झडप उघडलीच नव्हती.

आत मोबाइलला बंदी. तनुजा धावत सुटली. आवारात एक चप्पल राहिली. शेडमध्ये एवढा गोंगाट, की तिची हाक तिलाच ऐकू येईना. धोंडिबा पाठमोरे, हात वाफेच्या चाकावर. चाक फिरलेलं होतं.

तिनं मागून सदरा धरून ओढला. "आबा, चला! आधी चला!"

"अगं, वाफ तरी बंद..." त्यांनी चाक उलटं फिरवलं, मग निघाले. दोघं खांबाआड पोचतायत तोच दार फुटलं.

सगळं पांढरं झालं. बापाचा सदरा तिच्या मुठीत होता. सदऱ्यात बाप आहे का, ते दिसेना. ती नुसती मूठ आवळून उभी राहिली. मग सदरा हलला. आतून खोकला आला.

जीव वाचला, कान गेले.

ते बघा, मागच्या रांगेत उभे आहेत. लेकीच्या हातांकडं बघत टाळ धरतात. कधी त्यांची नजर हलली, की आपण सगळे थांबलो तरी ते एकटेच म्हणत राहतात. तेव्हा हसू नका. ते चरण त्यांच्याबरोबर पुरं करा, आणि घरी गेल्यावरही आमच्या धोंडिबांची आठवण ठेवा.