पाठीमागचं बटण

मी मदरबोर्ड बोलतोय. गोड बोलायची मला सवय नाही. ऐकायचं तर ऐका.

माझी शाळा कारखान्यातच झाली, तीही अर्ध्या मिनिटाची. कुठकुठले प्रोसेसर ओळखायचे त्याची यादी डोक्यात भरली आणि खोक्यात घातलं. मग दुकानाच्या खालच्या फळीवर सात महिने. वरच्या फळीवरची भावंडं रंगीत दिव्यांनी झगमगायची. माझ्या अंगावर शोभेचा एक दिवा नाही. गिऱ्हाईक यायचं, नाक मुरडायचं, पुढे जायचं.

एका गुरुवारी सकाळी तिघं आली. घरांचे नकाशे काढणारी बाई, तिचा दीर आणि तिचे सासरे, जुने सुतार. बाईचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि शनिवारपर्यंत एका वाचनालयाचा नकाशा द्यायचा होता. आजवर तिनं काढायचं आणि सही दुसऱ्यानं ठोकायची. हा पहिलाच स्वतःच्या नावाचा.

"वहिनी, प्रोसेसर भारी घ्या, बोर्ड काय, कसलाही चालतो," दीर म्हणाला. माणसांची ही खोडच. इंजिन मोठं घेतात आणि चाकं भंगारातली लावतात.

बाई म्हणाली, "प्रोसेसर साधाच, पण चित्र दाखवायची सोय त्यातच हवी. वेगळं कार्ड परवडायचं नाही."

सासऱ्यांनी मला उलटंपालटं करून कडेवरून अंगठा फिरवला. "ह्या खाचा रिकाम्या का?"

"मेमरी वाढवायला, काका," दुकानदार म्हणाला. " पुढे मोठा प्रोसेसरही ह्याच्यावरच बसेल."

"म्हणजे बसणारा बदलेल, बैठक तीच. पोरी, हाच घे."

घरी दीरानं सगळं जोडलं. पंखा फिरला, पडदा काळाच. तीनदा केलं, तीनदा काळा.

"बोर्डच खराब. स्वस्तातला माल. परत करा."

"दुकानदार आज दुपारीच गावी गेला, दुकान आता सोमवारी उघडणार, भावजी," बाई म्हणाली आणि खालीच बसली.

मी आतून धुमसत होतो. मी ठणठणीत होतो हो! प्रोसेसर माझ्यानंतर जन्मलेला, माझ्या यादीत त्याचं नावच नाही. अनोळखी माणसाला मी घरात घेत नाही. दुकानदारानं यादी नवी करून द्यायची, ते तो विसरला. पण मला तोंड कुठे?

"ह्याची पुस्तिका कुठाय?" बाईनं विचारलं.

"टाकली कचऱ्यात. ती कोण वाचतं?"

म्हातारा उठला. हत्यारांच्या पेटीत रंध्याखालून पुस्तिका काढून सुनेपुढे धरली. "मी उचलली. मला धड वाचता येत नाही. कुठला कागद कामाचा ते कळत नाही, म्हणून मी एकही टाकत नाही."

बाईनं पान न् पान वाचलं. दीराच्याच लॅपटॉपवरून नवी यादी पेन ड्राइव्हमध्ये घेतली, माझ्या पाठीमागच्या खुणेच्या खाचेत तो खोचला आणि शेजारचं छोटं बटण दाबून धरलं. तिथला बारका दिवा लुकलुकायला लागला. हा शोभेचा नव्हे, कामाचा.

"भावजी, स्विचपासून लांब व्हा. मधेच बंद पडला तर बोर्ड कायमचा गेला."

सहा मिनिटं घरात कुणी हललं नाही. दिवा विझला. तिनं कॉम्प्युटर चालू केला. मी प्रोसेसरकडे पाहिलं, नाव यादीत होतं. म्हटलं, ये, बस. आणि पडदा लख्ख उजळला.

"काय रे, परत करायचाय ना?" म्हाताऱ्यानं धाकट्याला विचारलं.

"राहू द्या, बाबा."

शनिवारी दुपारी नकाशा गेला आणि पसंतही पडला. आता चार वर्षं झाली. माझ्यावर मोठा प्रोसेसर आला, जुना दीराच्या कॉम्प्युटरमध्ये गेला, मागून नेला त्यानं. मी मात्र जागचा हललो नाही.

वाचनालय उभं राहिलं. बाई माझ्यासमोर बसून फोनवर सांगत होती, म्हणून मला ठाऊक. दाराशी पाटी आहे, नकाशा कुणी काढला त्याची. सासरे पाटीपुढे उभे राहिले आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत सुनेचं नाव वाचलं. मागे माणसं खोळंबली, पण ते हलले नाहीत.

तेव्हा बोर्ड घ्याल तर आधी विचारा, तुमचा प्रोसेसर ह्याच्या ओळखीचा आहे का. आणि पुस्तिका टाकू नका. आता सरका बाजूला, तिला कामाला बसायचंय.