तासलेली कड

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. म्हणजे निम्मं. पुढे दोन पाय आहेत आणि मागची बाजू कितीतरी वर्षं भिंतीत ठोकलेल्या पट्टीवर टेकवलेली होती. आल्यागेल्याला वाटायचं, मी असाच घडलो असेन. मीही तसाच आव आणायचो आणि मनातल्या मनात ओशाळायचो.

घडलो तेव्हा मी चांगला लांबलचक होतो. सगळं घर माझ्याभोवती ऐसपैस जेवायला बसायचं. एकदा आईने घाईघाईत तापलेलं पातेलं थेट माझ्या मधोमध टेकवलं आणि काळा गोल डाग उठला. ती बिचारी हळहळली. पोरं म्हणाली, बरं झालं, पातेल्याची जागा ठरली. पुढे पातेलं रोज त्या डागावरच बसू लागलं.

आईवडील गेले. मागे राहिले एक भाऊ आणि एक बहीण. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा, बहीण कपडे शिवायची. वाटणी कपबशांपर्यंत सुरळीत झाली. घोडं अडलं ते माझ्यापाशी, कारण मी दोघांनाही हवा होतो. बोलता बोलता आवाज चढले.

"मग काप ना मधोमध," बहीण रागाने बोलून गेली.

भावाने तो शब्द धरून ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. करवत बरोबर डागामधून गेली. बहीण दारात उभी राहून बघत होती. ती 'थांब' म्हणेल म्हणून भाऊ वाट बघत होता, असं मला आजही वाटतं. पण ती गप्प राहिली आणि हाही.

"कडेवर रंधा मारू का?" सुताराने दोघांना विचारलं. "पण तासलं की परत जोडता यायचं नाही."

"मार. जोडायचंय कुणाला?" भाऊ म्हणाला.

माझी कड गुळगुळीत झाली. माझा दुसरा भाग तसाच खरबरीत, हातगाडीवर पडून निघून गेला. माझ्यावरून भावंडं तुटली, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही.

वर्षं सरली. भावाचे केस पिकले, घरात सून आली. तिला भारी उत्साह. आपल्या लेकीसाठी घराण्याची माहिती जमवायची म्हणून तिने जुने दाखले, फोटो, सगळं माझ्यावर पसरलं. एक फोटो हातात धरून ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाबा, फोटोत टेबल केवढं लांब दिसतंय. आणि हा डाग आपल्याकडे अर्धाच कसा? अर्धं पातेलं कुणी ठेवतं का?"

बाबा डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकले होते. तिने फोटो त्यांच्यापुढे धरला.

"तुमच्या शेजारी ही कोण बसलीये?"

"बहीण. उरलेलं टेबल तिच्याकडे आहे."

"इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत."

"कोणत्या तोंडाने बोलू? तिच्या तोंडून रागात एक शब्द गेला आणि मी सुतार आणला."

"पत्ता आहे का कुठे?"

"पाठ आहे," बाबा म्हणाले.

सुनेने टेम्पो ठरवला. त्यात मी चढलो आणि माझ्याशेजारी, माझ्यासारखेच ओशाळलेले बाबा.

बहिणीने दार उघडलं, चष्मा वर केला आणि नुसतं "ये" म्हणाली. आत माझा दुसरा भाग होता. त्याला नवे पाय लावले होते, अंगावर कापडं पसरली होती. कापलेल्या कडेला जुन्या गोधडीची पट्टी बांधली होती.

"हे काय बांधलंयस?" बाबांनी विचारलं.

"कड खरबरीत आहे. कापडाचे धागे ओढले जातात."

"मग रंधा मारून घ्यायचा."

"परत जोडता आलं नसतं ना," ती म्हणाली.

बाबा खाली बसले. त्यांचा हात माझ्या गुळगुळीत कडेवरून फिरत राहिला. तिने रागाने दोन शब्द ऐकवले असते तर त्यांना सोपं गेलं असतं.

सुनेने गोधडीची पट्टी सोडली, माझ्या बिनपायाच्या बाजूखाली खोकं दिलं आणि मला ढकलून त्याला भिडवलं. पण आम्ही नीट बसलो नाही. मध्ये फट राहिली आणि डागाचा गोल काही पुरा झाला नाही. बहिणीने स्वयंपाकघरातून पातेलं आणून त्यावर ठेवलं.

"आता दिसत नाही," ती म्हणाली.

"मला दिसतं," बाबा म्हणाले, आणि तिने वाढलेलं ताट त्यांनी जवळ ओढलं.

आता मी इथेच असतो. बाबा दर आठवड्याला जेवायला येतात आणि त्या फटीशीच बसतात. मित्रांनो, माणसं आहात, रागाच्या भरात कधी करवत हातात येईल. आलीच, तर एवढं करा: कड तेवढी तासू नका.