सासूबाईंचा स्वभाव

माणूस बघताक्षणी ओळखते, असा सूनबाईंचा स्वतःबद्दल फार मोठा गैरसमज होता. मानसशास्त्रात पीएच.डी. करायला घेतली, तिचा विषयही भारदस्त: चर्चच्या पाळकांचे आणि पुढाऱ्यांचे स्वभाव. पुढारी स्वतःबद्दल प्रश्नावली भरत, घरचं कुणीतरी त्यांच्याबद्दल दुसरी भरे, आणि ही विदुषी दोन्ही ताडून बघे.

शेवटी एक पुढारी कमी पडला. सासूबाई चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षा. म्हणाल्या, "मी आहे की. आण इकडे."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी भराभर खुणा केल्या. 'इतरांवर हुकूम चालवायला आवडतो' यापुढे 'कधीच नाही' ठोकून दिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "पंखा कमी कर. आणि तो दुसरा कागद तूच भर. इथेच बस."

झालं! विदुषीबाईंचं सगळं शास्त्र पातळ झालं. हट्टी? कधीच नाही. चटकन चिडतात? छे! स्वतःचीच लाज वाटत होती, पण हात काही थांबेना.

पीएच.डी.च्या मार्गदर्शक बाई मात्र खूश. "दोन्ही कागद तंतोतंत जुळतात गं!"

"बाई, ते बाद करा," ती पुटपुटली.

"का?"

"भरणारी घाबरट होती."

घरी येऊन तिने सासूबाईंनाही खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "मग भर आता खरं. मी बाहेर बसते."

तिने भरलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि 'हट्टी: नेहमी' पाशी थांबल्या.

"तुझे सासरे असते ना," सासूबाईंना हसू आवरेना, "तर त्यांनी इथे दोनदा खूण केली असती."

पण एकदा बाद झालेलं माणूस अभ्यासात पुन्हा घेता येत नव्हतं. हे कळल्याबरोबर सासूबाईंनी पलीकडच्या चर्चच्या पाळकांना फोन लावला. "उद्या सकाळी घरी या. बायकोलाही आणा. कशाला ते आल्यावर कळेल."

पाळक सकाळी सपत्नीक हजर. तिने त्यांना बाहेरच्या खोलीत चहा दिला, त्यांच्या बायकोला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. इतक्या जोडप्यांचे कागद आजवर एकाच सोफ्यावर शेजारी बसवून का भरून घेतले, हे मार्गदर्शक बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं, ते मात्र तिला अजून सुचत नव्हतं.