धोका क्रमांक तीन

तुमाश काफ्लिशने एकतीस हिवाळे रोज सकाळी सात वाजता घरामागच्या पांढऱ्या फळीवरचा नवा बर्फ मोजला, आणि गेला तो ऑगस्टात, भर उन्हात, शेजारणीचं गवत कापताना. त्या दिवशी डोंगरावर कसलाही धोका जाहीर झालेला नव्हता. ऑगस्टात तो कोणी जाहीर करत नाही.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा मोजपट्टी आपसूक नेसाच्या हातात आली. ती तुमाशची एकुलती एक मुलगी. खोऱ्याच्या ग्रंथालयात काम करायची, घरी पुस्तकांत बुडालेली असायची, आणि बापाइतकीच कमी बोलायची. फळीवर किती सेंटिमीटर, वारा कुठून, थर कसा, हे ती रोज हवामान खात्याला कळवायची. अशा शेकडो फळ्यांच्या आकड्यांवरून संध्याकाळी पाच वाजता हिमलोटाचं पत्रक निघायचं. त्यात धोक्याचा, एक ते पाचपैकी एक आकडा असतो. चार आणि पाचला माणसं घरात बसतात, म्हणून वाचतात. मरतात ती बहुतेक तीनला. पाचांच्या मधोमध बसलेला हा आकडा सालस दिसतो, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला. तुमाश त्याला जावई म्हणायचा: वागायला गोड, पण पाठ फिरवू नये.

तुमाशने मागे एक कागद ठेवला होता. ‘माझी राख नऊ फेब्रुवारीला, माझ्या वाढदिवशी, वरच्या खिंडीत सोडावी.’ खाली सही. डोंगरात जायची तारीख आधी ठरवू नका, एवढी एकच गोष्ट ज्याने अख्ख्या खोऱ्याला घसा कोरडा होईपर्यंत सांगितली, त्याने स्वतः मात्र तारीख घालून दिली होती.

आठ तारखेच्या संध्याकाळी पत्रक आलं. तीन.

नऊला सकाळी नेसाच्या स्वयंपाकघरात तिघं कॉफी पीत बसली होती. सत्तरीचा याखेन, तुमाशचा लहानपणापासूनचा दोस्त. नेसाच काय, सगळेच धाकटे त्याला बार्बा म्हणत, म्हणजे काका. कुर्दिन, डोंगरातला वाटाड्या, तुमाशच्या हाताखाली तयार झालेला. आणि गावच्या बचाव पथकाची प्रमुख उर्सिना. तिघांचे मिळून शंभरावर हिवाळे डोंगरात गेलेले.

“तीन आहे,” कुर्दिन म्हणाला.

“तीनच ना?” याखेन म्हणाला. “अर्धा हिवाळा तीनच असतो. तीनला घरी बसलो असतो तर माझं लग्नसुद्धा झालं नसतं.”

“तुमची बायको म्हणते, बसला असतात तर बरं झालं असतं,” उर्सिना म्हणाली.

“तुमाश तर म्हणायचा, तीनला बिनधास्त जा.”

“असं तो जन्मात म्हणाला नाही, बार्बा,” नेसा म्हणाली.

“म्हणाला नाही. पण गेला की नाही?”

हसू झालं. नेसाने पाव कापला. तासाभरापूर्वीच तिने फळीवर बावीस सेंटिमीटर मोजले होते. रात्रभर वायव्येचा वारा होता, म्हणजे वाऱ्याच्या आडच्या उतारांवर उडालेल्या बर्फाची घट्ट वडी बसली असणार. आणि तळाशी डिसेंबरातला तो जुना थर, थंडीने भुरभुरीत झालेला. मुठीत धरला तर साखरेसारखा निसटणारा. साखरेवर ठेवलेली वडी. तिने आकडे कळवले होते, टेबलावर मात्र त्यांचा विषय काढला नाही. एवढी तीन जाणती माणसं निघाली आहेत, काही असतं तर बोलली असती.

राख कापडी पिशवीत बांधून तिने पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली. बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारी गळ्यातली शोधयंत्रं एकमेकांचे संकेत ऐकून तपासली, चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला कातडी चिकटवली, आणि चौघं निघाली.

देवदारांच्या पट्ट्यातून वर येऊन ती सपाट कुरणावर पोचली. समोर खिंडीकडे जाणारा मोठा उतार उभा होता, पांढरा, एकसंध, नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखा. पलीकडे जायला दुसरी वाट नव्हती. कुरणाच्या मध्यावर पायांखाली धप्प असा आवाज झाला. माळ्यावर कोणी पोतं टाकावं तसा. बर्फ बोटभर खाली बसला, आणि याखेनच्या स्कीपासून एक बारीक चीर निघून उताराच्या दिशेने पळत गेली.

चौघं थांबली. या खोऱ्यात शाळेतल्या मुलांनाही हा आवाज कशाचा ते ठाऊक असतं. खालचा थर मोडला की तो होतो. तो ऐकल्यावर घरी जायचं असतं.

“विमान असेल,” कुर्दिन म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. आकाश निळंभोर होतं, रिकामं.

“लष्कराचं,” याखेन म्हणाला. “ती लवकर दिसत नाहीत.”

“हं,” उर्सिना म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने अकरा माणसं बर्फाखालून काढली होती, त्यातली चार जिवंत. ती आपल्या हातमोज्याची दोरी उगाचच आवळत होती.

तरीही चौघं पुढे निघाली. उताराच्या पायथ्याशी पहिलं कोणी जायचं यावरून आर्जवं सुरू झाली.

“मी जातो, माझं वय झालंय.”

“बार्बा, तुम्ही शेवटी या. पहिला मी. हा माझा धंदा आहे.”

“अरे, पण राख नेसाकडे आहे. मान तिचा.”

“मान नंतर द्या. आधी दोघांत पन्नास मीटर अंतर ठेवा,” उर्सिना म्हणाली.

लग्नाच्या पंगतीत पाटावर आधी कोणी बसायचं यावरून चालतं, तसलंच हे. नेसा त्यांच्याकडे पाहत होती. याखेन फार हसत होता. कुर्दिन हसतच नव्हता. एकाएकी तिच्या लक्षात आलं की पत्रकातला तीन आकडा आज तिघांनीही तिच्या तोंडाकडे पाहून वाचला होता. आणि तिने त्यांच्या.

तुमाशबरोबर डोंगरात जाणाऱ्यांत एक रीत होती. कोणीही, अगदी नवखाही, ‘परत’ म्हणाला की सगळे परत फिरायचे. का, ते विचारायचं नाही. सगळ्यांत जास्त वेळा हा शब्द तुमाशनेच वापरला होता. गावात त्याला परत-तुमाश म्हणत. पण आज परत म्हणायचं तर कोणाला? ही माणसं तिच्या बापासाठी आली होती. आणि परत म्हटलं की पिशवी पुन्हा घरी, बापाच्या खोलीत.

कुर्दिनने पहिलं पाऊल उतारावर टाकलं.

“परत,” नेसा म्हणाली.

तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. कुर्दिनने पाऊल मागे घेतलं. याखेनच्या स्की तर आधीच वळलेल्या होत्या. सत्तरीच्या माणसाला शोभणार नाही इतक्या चपळाईने तो कुरण उतरू लागला.

चौघं खाली देवदारांत पोचली. मग उर्सिना म्हणाली, “मला कुरणावरच वाटलं होतं.”

“मला तर पत्रक आलं तेव्हाच, काल,” कुर्दिन म्हणाला.

“मला स्वयंपाकघरात,” याखेन म्हणाला.

“मग बोललात का नाही, बार्बा?”

“तुझ्यासाठी गं. बापाची शेवटची इच्छा. आम्ही कोण मोडणारे?”

“मी तुमच्यासाठी आले.”

फांदीवरचा बर्फ सळसळत खाली आला तेव्हा चौघंही दचकली.

“म्हणजे,” याखेन हिशेब लावत म्हणाला, “एकट्या तुमाशलाच जायचं होतं.”

उतार घसरला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दोन परदेशी पाहुणे त्यावरून गाणी म्हणत उतरले आणि झकास नागमोडी रेघा काढून गेले. बेकरीत आठवडाभर चेष्टा चालली. “काय गं नेसा, आला का तुझा लोट? की टपालाने यायचाय?” नेसा पाव घेऊन निघून यायची. जो लोट आला नाही तो येणार होता, हे कोणाला दाखवून देता येत नाही. बापाला असे टोमणे एकतीस वर्षं कसे पचले, हे ती आता शिकत होती.

एप्रिलात बर्फ मुरला. ऊन लागून बर्फ सैल होईपर्यंतच्या सकाळपुरता पत्रक सलग अकरा दिवस एक आकडा सांगत होतं. याखेन रोज फोन करायचा आणि नेसा रोज काहीतरी सांगायची. ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी आहे. गुडघा धरलाय. छपराची गळती बघायला माणूस यायचाय. फेब्रुवारीत ती खरंच त्या साखरेला भ्यायली होती, की पिशवी रिकामी होण्याला, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं.

बाराव्या दिवशी याखेन फोन न करताच दारात उभा राहिला.

“चल.”

“बार्बा, आज मला—”

“ठाऊक आहे. चल.”

उतार दोघांनी एकेक करूनच ओलांडला, आकडा एक असूनही. खिंडीत, इटलीच्या सीमेवर, वारा उत्तरेचा होता. नेसाने पिशवीची गाठ सोडली आणि ती उलटी केली. वाऱ्याने राख उचलली ती सरळ पलीकडे.

“गेला इटलीत,” याखेन म्हणाला. “कोणाला न विचारता.”

त्या आठवड्यात दूरच्या वाळवंटातली धूळ येऊन सगळा बर्फ पिवळट-करडा झाला होता. नेसा डोळ्यांवर हात धरून खाली बघत राहिली.

“तुम्हाला दिसतंय का, बार्बा, कुठे पडली?”

“नाही गं. तुला?”

“मलाही नाही.”

तिने पिशवीची घडी घातली, खिशात ठेवली, आणि स्कीच्या तळाची कातडी सोडवायला खाली वाकली. ऊन चढत होतं. दहाच्या आत उतरायला हवं होतं.