हिरामणचा डावा हात

हिरामणची खरूज बरी झाली. पण ती बरी झालीच नाही असं धरून चालू. कॉलेजातही बरेच दिवस ती बरी होऊ नये असंच धरून चालले होते.

१९९८ साली नाशिकच्या एका औषधनिर्माण कॉलेजात मोहिनी मॅडम खरजेच्या किड्यांवर लवंगेचं तेल वापरून पाहत होत्या. बशीत थेंब पडला की किडा मरायचा. अडचण एवढीच की पुढच्या प्रयोगाला जिवंत किडा लागायचा, आणि तो माणसाच्या कातडीबाहेर फार टिकत नाही. अशात प्रयोगशाळेचा शिपाई हिरामण घोटीला भावाकडे जाऊन खरूज घेऊन आला. विभागात पेढे वाटायचेच बाकी राहिले.

मॅडम सुईने त्याच्या डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यातून किडे काढायच्या.

"मलाबी थोडं तेल द्या की, मॅडम."

"मग किडे कुठून आणू? थोडे दिवस, हिरामण. आणि खाजवताना जरा जपून."

तेलाच्या बाटल्या तोच धुवायचा. रबरी हातमोजे घालून.

सातपूरच्या आपल्या एका खोलीच्या घरात त्याने अंथरूण दारापाशी नेलं. बायको, सुलाबाई, भिंतीकडून म्हणायची, "या ना इकडं."

"तुला लागंल."

"लागू द्या. तुमचे किडे म्हंजे सासरचेच पाहुणे."

"मग दोघांनाबी औषध लागंल. मॅडमचं काम बुडंल."

"मलाबी लावा की कामाला. माझा हात रिकामाच हाय."

पावसाळ्यात सुलाबाईला ताप आला. इस्पितळात तिने हात पुढे केला. हिरामणने कॉलेजचा मोजा चढवला आणि मग तो धरला.

"मोजा काढा ना."

"सकाळी मॅडमला इचारतो अन् काढतो."

सकाळी त्याने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, हे काय विचारायचं?" आणि तेलाची बाटलीच दिली. तो परत पोचला तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

तेलाने हात स्वच्छ झाला. प्रयोग यशस्वी ठरला. पण अजूनही संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात काहीतरी चालतं. मॅडमनी भिंगातून पाहिलं, काही नाही. खोलीत लवंगेचा वास येतो. घरात लवंग नाही, तेलाची बाटलीही कॉलेजात परत गेली. हिरामण खाजवत नाही. पंजा उघडा ठेवून भिंतीकडे तोंड करून बसतो.

सबब, वरिष्ठांस विनंती की अर्जदाराची खरूज पूर्ववत मंजूर करावी, सुलाबाई हिरामण यांना त्याच खाटेवर एका रात्रीपुरतं पुन्हा रुजू करून घ्यावं, आणि सदर हातमोजा कॉलेजात जमा झाला असं समजावं.