षटकार मारून आउट

सायवनपलीकडच्या पाड्यावर मुलींच्या क्रिकेटचा एक कायदा होता, आणि तो त्यांना खेळ शिकवणाऱ्या दिपक सरांनीच केलेला: चेंडू उचलून बांधापलीकडे मारला की आउट. बांधापलीकडे करवंदीच्या जाळ्या, आणि लेदरचा चेंडू एकच. त्यामुळे पोरी जमिनीलगत असं मारायला शिकल्या की बघत राहावं. सरांना त्याचा अभिमानही होता. ते स्वतः त्याच पाड्यातले. पण डहाणूला आले की इस्त्रीचा टी-शर्ट घालून अगदी मुंबईकरासारखं बोलायचे.

जिल्ह्याच्या संघाची निवड डहाणूच्या मैदानावर होती. बाकीच्या मुली स्वतःच्या किट बॅगा घेऊन घरच्या गाड्यांतून आल्या. पाड्यावरची हर्षदा सरांबरोबर जीपमधून आली आणि कुणाचे तरी पॅड मागून घेऊन उतरली. तिसराच चेंडू पायांत पडला. तिनं तो असा उचलला की थेट सीमारेषेपार. पंचांनी दोन्ही हात वर केले. हर्षदानं ते बघितलंच नाही. बॅट काखेत मारून, मान खाली घालून ती सरळ तंबूकडे चालू लागली.

सगळं मैदान खो खो हसलं. निवड समितीतले एक गृहस्थ डोळे पुसत सरांना म्हणाले, "मास्तर, षटकार मारून कुणी परत जातं का?"

खरं कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग एकुलत्या चेंडूची गोष्ट निघाली असती, आणि सरही त्या पाड्यातलेच ठरले असते. सर हसले, चांगले मोठ्यानं हसले. म्हणाले, "घाबरली असेल. पाड्यावरची पोर आहे."

हर्षदा तोवर तंबूपाशी पोचली होती. तिनं ते ऐकलं. पंचांनी परत बोलावलं तशी ती गेली, पण पुढचा एकही चेंडू तिनं उचलला नाही, नुसती अडवत राहिली. संध्याकाळी नावं वाचली, त्यांत तिचं नव्हतं. तो एक षटकार सोडला तर मोठा फटका नाही, असं समितीचं म्हणणं पडलं.

परतीच्या जीपमध्ये सर पुढच्या वर्षाच्या गोष्टी करू लागले. हर्षदानं त्यांना मध्येच तोडलं.

"मी नाय घाबरलेली, सर."

"माहीत आहे मला."

"मग तिथं का नाय सांगितलं?"

लाजेनं सरांचे कान तापले होते, आणि तोंड लपवायलाही जागा नव्हती. भरलेल्या जीपमध्ये दोघं गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसले होते.